सिंकखालच्या ड्रेन पाइपला छोटं भोक पडलंय: बुजवावं की पाइप कापावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सिंकखालच्या कपाटात फळी बसवताना ड्रिल जास्त आत गेलं आणि मागून जाणाऱ्या आडव्या प्लास्टिकच्या ड्रेन पाइपला साधारण ४ मिलिमीटरचं भोक पडलं. तुम्ही त्यावर सिलिकॉन लावलंत. एक दिवस बरा गेला, मग परत ठिबक. वरून आणखी जाड थर दिलात, तरी तेच. आता घरात दोन मतं आहेत. एक म्हणतं पाइप कापून नवा टाका, दुसरं म्हणतं एवढ्याशा भोकासाठी कशाला, दुसरं काहीतरी लावून बुजवा.

प्लंबिंगच्या कामात ड्रिलने पाडलेली अशी भोकं मी नेहमी पाहतो. तुमच्या वर्णनावरून तरी पाइप कापावा लागेल असं वाटत नाही. पण दोनदा केलंत तेच तिसऱ्यांदा केलं तर टिकणार नाही. ते का टिकत नाही हे नीट कळलं, की पुढचं काम सोपं आहे.

मुळात ‘भोक बुजवायचं’ असा विचार केला की हात चुकीच्या जागी जातो. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढणारा भोकात काहीच भरत नाही. तो भोकाच्या भोवतीचं रबर खरवडतो, सोल्युशन लावतो आणि भोकाच्या कितीतरी पट मोठा तुकडा वरून चिकटवतो. ड्रेन पाइपची टिकाऊ दुरुस्तीही अशीच, बाहेरून आणि भोकाच्या चारही बाजूंना होते.

यामागचा हिशोब करून बघा. पाइपची भिंत २ मिलिमीटर जाड धरली, तर ४ मिलिमीटरच्या भोकात भरलेल्या मालाला धरायला भोकाची आतली कडा एवढीच जागा मिळते, म्हणजे साधारण २५ चौरस मिलिमीटर. त्याऐवजी वरून ५० बाय ४० मिलिमीटरचा तुकडा चिकटवला तर पकड मिळते जवळजवळ २००० चौरस मिलिमीटरची, म्हणजे ऐंशीपट. एवढ्या जागेत कुठे कणभर माती किंवा हवेचा बुडबुडा राहिला तरी दुरुस्ती तग धरते.

बऱ्याच जणांना वाटतं की पाण्याच्या दाबाने बूच बाहेर फेकलं जातं. ड्रेन पाइपमध्ये दाब जवळजवळ नसतोच. पाणी उताराने वाहत जातं आणि पाइप एरवी बराचसा रिकामा असतो. पुढे कुठे तुंबून भोकाच्या वर अर्धा मीटर पाणी उभं राहिलं, तरी ४ मिलिमीटरच्या भोकावर येणारा जोर सुमारे ६ ग्रॅम वजनाएवढा. बूच सुटतं ते पाइप हलतो म्हणून. गरम पाणी सोडलं की पीव्हीसी लांबतो. एक मीटरचा पाइप ३० अंश तापला तर जवळजवळ २ मिलिमीटर वाढतो आणि थंड झाला की परत आखडतो. त्यात सिंकखाली बादली सरकवताना धक्का, कपाटाच्या दाराचा हादरा, ट्रॅप (सिंकखालचा, वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणारा भाग) साफ करताना दिलेला हिसका. दिवसातून कितीतरी वेळा पाइप थोडाथोडा वाकतो आणि बूच त्याच्या कडेपासून केसभर सुटतं. पाण्याला तेवढं पुरतं.

तुमचं सिलिकॉन का सुटलं याला आणखी एक कारण आहे. नेहमीचं आंबट वासाचं सिलिकॉन काचेला आणि चकचकीत टाइलला छान धरतं, पण पीव्हीसीच्या गुळगुळीत पाठीला त्याची पकड बेताचीच असते. वर पाइपवर साबणाचा आणि तेलकटपणाचा बारीक थर असतोच, आणि तुम्ही लावलंत तेव्हा पाइप आतून ओला असणार. सिलिकॉन वाईट नाही, ही त्याची जागा नाही इतकंच. पण त्याचा एक त्रास आता तुम्हाला आधी निस्तरावा लागेल: सिलिकॉनचा अदृश्य पापुद्रा जिथे उरतो तिथे दुसरं काहीच चिकटत नाही, ना पीव्हीसी पाइप जोडायचं सोल्युशन, ना एपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारा गोंद), ना नवं सिलिकॉन. दुसरा थर पहिल्यापेक्षा लवकर सुटला असेल तर ते यामुळेच.

सुपरग्लू आणि खायचा सोडा यांचा उपाय तुमच्या कानावर आला असेलच. ते मिश्रण क्षणात दगडासारखं होतं, म्हणून लोकांना आवडतं. पण जितकं कडक तितकंच ठिसूळ. न हलणाऱ्या वस्तूवर ते चालून जातं. रोज गरम-गार होणाऱ्या पाइपवर त्याला चीर जाते. पांढऱ्या सिमेंटचं तर नावच काढू नका, त्याची आणि प्लास्टिकची गाठच पडत नाही.

आता तुम्ही न विचारलेली, पण मी सगळ्यात आधी बघेन अशी गोष्ट. पाइपच्या मागच्या बाजूला हात घाला. ड्रिल समोरून आत गेलं की पाइपची एक भिंत फुटते, आणि पुष्कळदा टोक थेट पलीकडच्या भिंतीलाही लागतं. समोरचं भोक दिसतं, आपण ते बंद करतो आणि पाणी मात्र मागच्या, न दिसणाऱ्या भोकातून पाइपच्या पोटाखाली येऊन ठिबकत राहतं. बोटाला नीट कळत नसेल तर फोनचा कॅमेरा मागे धरून फोटो काढा. तुमच्या पहिल्या सिलिकॉनने एक दिवस तरी काम केलं, म्हणजे एकच भोक असण्याची शक्यता जास्त. तरी बघून घ्या. दोन भोकं असतील तर कृती तीच, फक्त तुकडा एकाऐवजी दोन.

मागे भोक नसेल तर पुढची शंका: पाणी खरंच तिथूनच येतंय ना? पाइपवरून पाणी घरंगळत खालच्या टोकाकडे जातं आणि तिथल्या सांध्यावरून थेंब पडतो. पाइप पूर्ण कोरडा पुसा, टिश्यू पेपरच्या पट्ट्या घ्या, नळ सोडा आणि वरच्या टोकापासून खाली एकेक पट्टी पाइपला टेकवत या. कागद जिथे आधी ओला होतो, तिथे गळती. ट्रॅपचा नट ढिला असून लोक निष्पाप पाइपला लेप देत बसतात, असं पुष्कळदा होतं.

यानंतर काय करायचं ते चार गोष्टींवर ठरतं: पाइप कोणत्या प्लास्टिकचा आहे, भोक नेमकं कुठे आहे, तो भाग एक दिवस कोरडा ठेवता येईल का, आणि पाइपमध्ये अजून जीव आहे का.

पाइपच्या दोन्ही टोकांना हाताने फिरणारे प्लास्टिकचे नट असतील, म्हणजे तो बॉटल ट्रॅपच्या संचाबरोबर आलेला तुकडा असेल, तर दुरुस्ती करूच नका. नट सैल करा, तुकडा काढा, तेवढाच नवा आणून वॉशरसकट बसवा. घड्या असलेला लवचिक वेस्ट पाइप असेल तरी हेच. त्या घड्यांवर काहीही सपाट बसत नाही.

पाइप चिकटवलेला किंवा भिंतीत गेलेला असेल तर आधी प्लास्टिक ओळखा. पाइपवर छापलेली अक्षरं शोधा. पीव्हीसी, पीपी, पीई किंवा एबीएस असं काहीतरी असतं. छपाई पुसली असेल तर ब्लेडने कडेचा नखभर पापुद्रा काढा आणि साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बोटाने बुडवून सोडा. साबण अशासाठी की नाहीतर हलका पापुद्रा पाण्याच्या पृष्ठभागावर अडकून राहतो आणि फसवतो. पीव्हीसी पाण्याच्या सुमारे १.४ पट जड, तो तळाशी जातो. पीपी आणि पीई पाण्यापेक्षा हलके, ते वर येतात. एबीएस किंचित जड, तोही बुडतो. आवाज कमी करणारे जाड पीपी पाइप मिळतात, त्यांत खनिजाची भुकटी घातलेली असल्याने तेही बुडू शकतात. म्हणून छपाई वाचता आली तर तिच्यावर जास्त विश्वास ठेवा.

हे इतकं का पाहायचं, तर सोल्युशन, म्हणजे सोल्व्हंट सिमेंट, हा गोंद नाही. ते पीव्हीसीचा पृष्ठभाग विरघळवतं, दोन्ही पृष्ठभाग मऊ होऊन एकमेकांत मिसळतात, आणि द्रावक उडून गेला की तिथे एकच प्लास्टिक उरतं. नीट जमलेला सांधा पुन्हा उकलता येत नाही, कापावाच लागतो. पण पीपी आणि पीई त्या द्रावकात विरघळतच नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर सोल्युशन नुसतं सुकतं आणि सोलून येतं. एबीएसला त्याचं स्वतःचं वेगळं सोल्युशन लागतं.

यातून आणखी एक गोष्ट निघते. भोकावर नुसतं सोल्युशन ओतून बुजवणं फसतं, कारण त्यातला बराचसा भाग उडून जाणारा द्रावक असतो. सुकताना ते आकसतं, मध्ये खळगा पडतो किंवा बारीक छिद्र राहतं. आणि साचलेलं सोल्युशन पाइपची भिंतच मऊ करून ठेवतं. सोल्युशन पातळ थरात आणि दोन पृष्ठभागांच्या मध्येच काम करतं.

तुमचा पाइप पीव्हीसीचा निघाला असं धरून मी काय करेन ते सांगतो. बहुतेक घरांत तो पीव्हीसीच असतो.

झाकायचा तुकडा कशातून कापायचा हे इथलं खरं कसब. बरेच जण त्याच मापाच्या पाइपचा तुकडा उभा चिरून वर बसवतात. पण त्या तुकड्याचा आतला व्यास जुन्या पाइपच्या बाहेरच्या व्यासापेक्षा लहान असतो. तो ताणून बसवावा लागतो, कडा टेकतात आणि मधोमध, नेमकं भोकावर, पोकळी राहते. मी त्याऐवजी त्याच मापाचा कपलर, म्हणजे दोन पाइप जोडायला त्यांच्यावरून बसणारी आखूड नळी, घेतो. कपलरचा आतला व्यास पाइपच्या बाहेरच्या व्यासावर बसेल असाच बनवलेला असतो, त्यामुळे उभा अर्धा केलेला कपलर पाइपच्या पाठीवर अंगासरशी बसतो. कपलर चिकटवायच्या प्रकारचा घ्या, रबर रिंगचा नको, कारण रिंगची खाच आड येते. आणि विकत घेताना पाइपचं माप छपाईवरून किंवा बाहेरचा घेर मोजून पक्कं करा. इंचातले आणि मिलिमीटरमधले पाइप दिसायला सारखे असतात, पण एकमेकांवर बसत नाहीत.

कपलर हॅक्सॉने लांबीच्या दिशेने दोन सारख्या भागांत कापा. आत मधोमध एक बारीक कडं दिसेल, दोन्ही बाजूंचे पाइप जिथे येऊन टेकतात ते. ते कानशीने पूर्ण घासून काढा. कड्याचा अर्धा मिलिमीटर जरी उरला तरी तुकडा त्यावर डुगडुगतो आणि दोन्ही बाजूंना फट राहते. बोट फिरवून बघा. जिथे कडं होतं तिथे बोटाला काही अडायला नको. कापलेल्या कडाही पॉलिश पेपरने मोडून घ्या.

मग पाइप. वरून पाणी येणार नाही याची खात्री करा. वरच्या मजल्याचं पाणी याच पाइपमधून जात असेल तर तिथल्या माणसांना सांगून ठेवा. जुनं सिलिकॉन धारदार ब्लेडने मुळापासून सोला. आधी पॉलिश पेपर मारू नका, त्याने सिलिकॉन आणखी पसरतं. सोलून झाल्यावर तो भाग पुसा आणि मग १२० नंबरच्या आसपासच्या पॉलिश पेपरने घासा. कागद बुळबुळीत झाला की फेकून नवा घ्या. पाइपची चकाकी पूर्ण गेली पाहिजे. कपलरचा तुकडा जेवढी जागा घेणार तेवढी पेन्सिलीने आखून त्याच्या बोटभर बाहेरपर्यंत घासा.

भोकाच्या कडेकडेही बघा. ड्रिलच्या उष्णतेने प्लास्टिक वितळून आतल्या बाजूला शेपटीसारखं लोंबत राहतं. तारेचा आकडा करून किंवा ब्लेडच्या टोकाने ते कापून बाहेर काढा. ते तसंच राहिलं तर पुढे त्याला केस, धागे आणि चिकट गाळ अडकतो आणि काही महिन्यांनी पाइप तिथेच तुंबतो. भोकात स्क्रू पिळून वर सोल्युशन लावायचा सल्ला मी याच कारणासाठी देत नाही. आज गळती थांबते, पण स्क्रूचं टोक आत कचरा धरून बसतं. ड्रेन पाइप आतून गुळगुळीत राहणं हे तो न गळण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

यानंतर कोरडं करणं, आणि इथेच बहुतेकांची घाई होते. वरून कोरडा दिसणारा पाइप आतून ओला असतो आणि भोकातून ओल वर येते. कापड पिळून नव्हे, पूर्ण कोरडं घ्या; भोकाच्या वरच्या बाजूला ट्रॅप काढता येत असेल तर काढून ठेवा, म्हणजे त्यातलं पाणी हेलकावून येणार नाही. केस वाळवायचा ड्रायर मंद उष्णतेवर थोडा वेळ फिरवा. पाइप हाताला कोमट लागला की थांबा. पीव्हीसी ७५ ते ८० अंशांच्या सुमारास मऊ पडतो, आणि ज्योत दाखवली तर जळून घातक वायू सोडतो. त्यामुळे लायटर किंवा गॅसचा दिवा जवळ आणायचाच नाही. ड्रायर बंद करून पाइप गार होऊ द्या, मगच सोल्युशनचा डबा उघडा. त्याची वाफ पेट घेते आणि हुंगली की डोकं गरगरतं. कपाटाची दारं उघडी, खिडकी उघडी, हातात मोजे.

तुकडा एकदा कोरडाच बसवून बघा. तो कुठेही डुलत नसेल तर दोन होज क्लिपा (स्क्रूने आवळायच्या धातूच्या गोल पट्ट्या) आधीच पाइपवर सैल अडकवून बाजूला सरकवून ठेवा, कारण नंतर त्या शोधायला वेळ नसतो. सोल्युशन मधासारखं वाहतं असलं पाहिजे. जेलीसारखं गोळा झालं असेल तर तो डबा टाकून द्या, पातळ करत बसू नका. पाइपवर आणि तुकड्याच्या आतून, दोन्हीकडे सलग पातळ थर द्या. भोकाच्या अगदी तोंडाशी थोडं कमी, म्हणजे आत ओघळणार नाही. लगेच तुकडा ठेवा, जरासा सरकवत दाबा, म्हणजे थर सारखा पसरतो आणि हवा निघते. भोक तुकड्याच्या मध्यावर यायला हवं. अर्धा-एक मिनिट हाताने दाबून धरा, मग क्लिपा भोकाच्या दोन्ही बाजूंना आणून आवळा.

किती आवळायचं हे कडेला बघून ठरवा. तुकड्याच्या चारही बाजूंनी सोल्युशनची बारीक, सलग रेघ बाहेर आली की पुरे. रेघ कुठे तुटली असेल तर तिथे पोकळी आहे, लगेच दाबा. त्यापुढे आवळत गेलात तर मऊ पडलेला पाइप अंडाकृती होतो. बाहेर आलेलं सोल्युशन कापडाने पुसा, पण कडेची ती रेघ राहू द्या. क्लिपा नंतर काढायची गरज नाही. स्टेनलेस स्टीलच्या असतील तर तिथेच राहू दे.

सोल्युशन काही मिनिटांत पकडतं आणि मग माणसाला मोह होतो. डब्यावर काहीही लिहिलेलं असो, शक्य असेल तर चोवीस तास त्या पाइपमधून पाणी सोडू नका. थंडी किंवा दमट हवा असेल तर आणखी थांबा. पुढचे काही दिवस उकळतं पाणी आणि नाली साफ करायची रसायनं टाळा. ती रसायनं पाण्यात मिसळताना बरीच उष्णता सोडतात आणि ताज्या सांध्याला तेच मारक ठरतं.

भोक दोन्ही बाजूंना असेल तर कपलरचे दोन्ही अर्धे भाग समोरासमोर बसवा, क्लिपा दोघांवरून. मधल्या उभ्या फटी भोकांपासून दूर राहतील असं फिरवून घ्या.

भोकाऐवजी चीर असेल तर तुकडा लावण्याआधी चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा. ताण चिरेच्या अणकुचीदार टोकाशी एकवटतो. गोल भोकात तो पसरतो आणि चीर पुढे सरकत नाही. चांगल्या पाइपला मुद्दाम भोक पाडायला जिवावर येतं, पण हे केलं नाही तर पॅचच्या पलीकडून चीर डोकावते.

पाइप पीपी किंवा पीईचा निघाला तर वरचं सोल्युशनचं प्रकरण बाजूला ठेवा. त्या प्लास्टिकला सोल्युशन काय आणि एपॉक्सी काय, दोन्ही नीट धरत नाहीत. कारखान्यांत त्याला गरम हवेने वेल्डिंग करतात. घरी तो तुकडा बदलणं सोपं. ते पाइप बहुतेक रबर रिंगने नुसते खोचलेले असतात, त्यामुळे काढता येतात. नवा खोचताना रिंगला साबणाचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस नको, त्याने काही रबरं फुगतात आणि रिंग निकामी होते.

एपॉक्सी पुट्टीचं म्हणाल तर पीव्हीसीवर ती मी दुसऱ्या क्रमांकाला ठेवतो. जिथे कपलरचा तुकडा बसतच नाही, उदाहरणार्थ एल्बोच्या वळणावर किंवा टीच्या (तीन तोंडांच्या जोडाच्या) काखेत, तिथे ती कामाची. दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळा. एकही पट्टा वेगळा दिसला तर तिथे ती कच्ची राहते. घासलेल्या, कोरड्या जागेवर भोकापासून सगळीकडे किमान २५ मिलिमीटर पसरवा आणि कडेला पातळ करत न्या. भोकावर गोळा थापून बोटाने आत दाबायचा मोह आवरा, आतली बाजू गुळगुळीत राहायला हवी. ओलसर जागेवर चालणाऱ्या पुट्ट्या मिळतात, पण त्याही घासून स्वच्छ केलेल्या जागेवरच पकडतात.

आणि आज रात्रीपुरतं काही करायचं असेल तर जुन्या ट्यूबचा रबरी तुकडा भोकावर ठेवून त्यावर होज क्लिप आवळा. ओल्या पाइपवरही चालतं, कुठलंही प्लास्टिक असलं तरी चालतं. क्लिपची पट्टी बरोबर भोकावरून जाऊ द्या. भोक उघडं ठेवून निजण्यापेक्षा हे नक्की करा, कारण ठिबकण्यापलीकडेही एक प्रश्न असतो: भोक ट्रॅपच्या पुढे असेल तर त्यातून गटाराचे वायू घरात येतात, आणि झुरळंही. आडव्या पाइपला वरच्या बाजूला भोक असेल तर एरवी एक थेंबही गळत नाही, नुसता वास येतो आणि लोक महिनोन्महिने ट्रॅप धूत बसतात.

कापायची वेळ कधी येते? भोक सॉकेटच्या, म्हणजे पाइप ज्यात खोचला जातो त्या रुंद भागाच्या, तोंडाला लागून असेल आणि तुकडा सपाट बसायला दोन्ही बाजूंना जागा नसेल तेव्हा. उन्हाने पाइप खडूसारखा झाला असेल आणि घासताना भुकटी पडत असेल, नखाने दाबल्यावर चरचरत असेल तेव्हा. त्याला पॅच लावला तर शेजारी फुटेल. उंदराने कुरतडून कडा फाटलेल्या असतील, भोक अंगठ्याएवढं असेल तेव्हा. आणि जिथे भिंत बंद होणार आहे किंवा फरशीखाली जाणार आहे तिथे तर कापून बदलाच, मग भोक कितीही लहान असो. जिथे नंतर हात पोचणार नाही तिथे पॅच सोडून यायला माझं मन धजत नाही.

कापताना खराब भागाच्या दोन्ही बाजूंना चांगला पाइप लागेपर्यंत काटकोनात कापा, वरचा भाग आधी आधाराला बांधा आणि मध्ये नवा तुकडा घाला. जुना पाइप हलत नसेल तर मधलं कडं नसलेले दोन कपलर लागतात. ते आधी जुन्या पाइपवर पूर्ण सरकवून ठेवायचे, नवा तुकडा मध्ये धरायचा आणि मग कपलर सांध्यावर परत आणायचे. कपलर कुठे थांबायला हवा याची पेन्सिलीची खूण आधी करून ठेवा, नाहीतर तो एका बाजूला जास्त जातो. सोल्युशनने हे करायला हात झपझप चालावा लागतो, म्हणून सवय नसेल तर रबर रिंगवाले कपलर वापरा. उतार जपा, मीटरला सुमारे २ सेंटिमीटर. नवा तुकडा मध्ये बसकला तर तिथे पाणी साचून राहील.

हे सगळं सांडपाण्याच्या पाइपसाठी आहे. ड्रिल नळाच्या पाण्याच्या पाइपला लागलं असेल तर तिथे दाब चोवीस तास असतो. त्यावर पॅच लावू नका, तो भाग बदलून घ्या.

दुरुस्ती सुकल्यावर तपासणी नुसता नळ सोडून होत नाही. सिंकला बूच लावून ते काठोकाठ भरा आणि एकदम सोडा, म्हणजे पाइप पूर्ण भरून वाहतो. तेव्हा टिश्यू पेपर तुकड्याच्या खालच्या कडेवरून फिरवा. मग एकदा गरम, पण न उकळणाऱ्या पाण्याने तेच करा, आणि पाइप गार झाल्यावर पुन्हा कागद लावा. गरम-गार होऊनही कागद कोरडा राहिला तर काम झालं. दुसऱ्या दिवशी पाइपखाली कोरडा कागद पसरून ठेवा आणि संध्याकाळी बघा.

काम सुरू करण्याआधी तीन गोष्टी कळवल्यात तर मला तुमच्यासाठी नेमकं सांगता येईल: पापुद्रा बुडला की तरंगला, मागच्या बाजूला भोक आहे का, आणि भोकापासून जवळचं सॉकेट किती बोटं लांब आहे. तीन बोटांपेक्षा कमी जागा असेल तर कपलर आणण्याआधी फोटो पाठवा.